दोन बोटं सोडून

शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि बटणचा पाय दोन्ही हातांत धरून उजेडाकडं फिरवून बघितला. कुठं सुरकुती नाही, कुठं फुगवटा नाही. बाहीला असा घाट आला असता तर गिऱ्हाइकानं आरशापुढून हलायचं नाव घेतलं नसतं. बटणनं मात्र पाय काढून घेतला आणि शिलाई मशीनखाली माझ्याकडं पाठ करून बसली.

"का गं शालन, कुत्रीला मोजा शिवलायस व्हय?"

दारात गोदामावशी उभी होती. आमच्या तासगावच्या निम्म्या बायकांना बांगड्या भरणारी कासारीण. साठीची, अंगानं काटकुळी, खांद्याला बांगड्यांची पेटी. पेटी उतरवून ती बाहेरच्या पायरीवर टेकली. उंबऱ्याच्या आत यायची नाही, हे तिचं महिन्याभरापासून चाललं होतं.

"मोजा नाही मावशी, पट्टी आहे."

"पट्टी इतकी देखणी? बघायला पावणं येणार हायेत का हिला?"

"येऊ देत की. मुलगी काय वाईट आहे?"

मावशीनं लांबूनच मान तिरकी करून मशीनखाली बघितलं आणि म्हणाली, "रंग मूळचा गोरा हाय. केस तेवढे न्हाईत."

खोटं नव्हतं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या चैत्रात बटणला लूत लागली. आधी कानामागं, मग कोपरांवर, मग सगळ्या अंगावर. पांढऱ्या कुत्रीची कातडी हत्तीसारखी करडी आणि जाड झाली. कपाळावरचा तपकिरी गोल ठिपका, ज्याच्यावरून मी तिचं नाव ठेवलं होतं, तोही केसांसकट गेला. बेडगे डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि म्हणाले, "कातडीच्या आत किडे आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत. दर आठवड्याला इंजेक्शन, चार दिवसांनी औषधाची आंघोळ. पुसायचं नाही, अंगावरच वाळू द्यायचं. आणि तुम्ही हात जपा. हे माणसाच्या अंगावर फार दिवस राहत नाहीत, पण राहतील तेवढे दिवस नाचवतात."

म्हणून मावशी उंबऱ्याबाहेर. "शालन, माझे हात म्हणजेच माझं दुकान," ती म्हणायची. "बटणला माझा लांबूनच रामराम." लग्नसराईचे दिवस. हाताला खाज सुटलेल्या कासारणीपुढं कोण मनगट धरील?

मी मात्र इरेला पेटले होते. शिवणकाम मला कुणी शिकवलं नाही. जुने ब्लाउज उसवून उसवून मी शिकले. तसंच हेही शिकेन म्हटलं. दुधाच्या पिशव्या हातांवर चढवून तिला आंघोळ घालायची, अंथरुणाची पोती रोज उकळायची. तिनं अंग चाटून औषध पोटात घेऊ नये म्हणून कॉलरला घालायचं बकरम दुहेरी करून मी तिला गळ्याभोवती कर्णा शिवला. तो घालून ती गल्लीत निघाली की शेजारचे हात जोडायचे, लाउडस्पीकर आला म्हणून.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात. ते एके दिवशी डबा भरून जळकं ऑइल घेऊन आले.

"सगळे हेच लावतात. दोन दिवसांत किडे साफ."

"आधी तुमच्या गुडघ्याला लावून बघा."

"माझ्या गुडघ्यात किडे नाहीत."

"मग तुम्हीच चाटून बघा. ती चाटणारच आहे."

डबा परत गेला.

औषध लागू पडायला लागलं होतं. कानामागं बारीक लव दिसली होती. आणि नेमकं तेव्हा सोमवारी सकाळी भाजीचा टेम्पो मागं घेताना तिच्या मागच्या डाव्या पायावरून गेला. हाड वाचलं. पण घोट्याच्या वर कातडी सोलून निघाली, आतलं मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी जखम धुतली, शिवता येईना, कारण लुतीच्या कातडीत टाका धरत नव्हता. मलम लावून पट्टी बांधली. बाहेर चार म्हशी आणि एक चिडलेला मालक उभा होता, त्यामुळं जे सांगितलं ते हात धुता धुता सांगितलं.

"दिवसाआड पट्टी बदला. दोन बोटं सोडून बांधा. शुक्रवारी आणा. एक लक्षात ठेवा, हा पाय टिकलाच पाहिजे. सडला तर कापावा लागेल, आणि हिच्या अंगात रक्त इतकं कमी आहे, की टेबलावरून उठेल याची खात्री मी देत नाही."

पाय म्हणजे जीव, एवढं मला समजलं.

घरी येऊन बघितलं तर डॉक्टरांची पट्टी टोकाला अपुरी पडलेली. पुढून नखं बाहेर डोकावत होती. बिचारे घाईत होते, मी मनात म्हटलं. बुधवारी मी नीट केली. जखमेवर मलम, त्यावर स्वच्छ घडी, त्यावर पट्टीचे वेढे, आणि ती सुटू नये म्हणून वरून कापडाचं आवरण. पंजाच्या पुढं बरोबर दोन बोटं कापड जादा सोडलं, दुमडलं आणि बारीक बखियेनं बंद केलं. धूळ नाही, माशी नाही, काही आत शिरायची सोय नाही. तेच कौतुक मी उजेडात धरून बघत होते, तेव्हा मावशी आली होती.

बुधवारी रात्री बटण जेवली नाही. गुरुवारी सकाळी पाणीसुद्धा नको म्हणाली. कर्ण्यातून मान वळवून पायाकडं जायची, पोचायचं नाही, मग मशीनच्या पायट्यावर कर्णा आपटायची. "खाज वाढलीय," मी यांना म्हटलं. हे म्हणाले, "उद्या जायचंच आहे ना डॉक्टरांकडं?" आणि कामावर गेले.

दुपारी अडीचला मावशी परत आली. चार वाजता तिला मगदुमांच्या मुलीला लग्नाचा चुडा भरायचा होता, त्याआधी स्वतःचा शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायचा होता. पायरीवर बसून ती घाम पुसत होती. मी हुक लावत होते. मशीनखालून बटणचा आवाज येत होता, बारीक.

"कधीपासनं रडायलीय?"

"सकाळपासून. खाज आहे हो. किडे मरताना जास्त सुटते."

मावशी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली, कुणी लांबून हाक मारतंय का ते ऐकावं तशी.

"शालन, हे खाजेचं रडणं न्हाई."

"मग?"

"अडकल्याचं हाय. बांगडी हाडाशी अडकली की पोरी अशाच रडत्यात. आवाज बाहेर टाकत न्हाईत. आत वढत्यात. ऐक बघ."

मी ऐकलं. मला नुसतं रडणं ऐकू आलं.

मावशी उठली. चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि लुगडं सावरून सरळ मशीनखाली बसली. मी "अहो मावशी, हात, हात," म्हणेपर्यंत तिनं बटणचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पाय तळव्यावर तोलला होता. चाळीस वर्षं परक्या बायकांचे हात धरायची सवय. पहिल्या स्पर्शाला कुणी दचकू नये असं धरायचं ती. बटण दचकली नाही.

"हिची बोटं कुठायत?"

"आत."

"आत कशाला?"

"डॉक्टर म्हणाले होते की, दोन बोटं सोडून बांधा. मी बरोबर दोन बोटं सोडलंय. मोजून."

मावशीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"कुणाची बोटं, शालन?"

मी माझ्या हाताकडं बघितलं. तर्जनी आणि मधलं बोट, एकाला एक लावलेली. रोज दहा वेळा कापडावर ठेवते तशी. शिलाईला दोन बोटं सोड, बाहीला एक बोट सोड. आणि मग डॉक्टरांची ती अपुरी पट्टी डोळ्यांपुढं आली. नखं बाहेर डोकावणारी. अपुरी नव्हतीच ती. बांधलेला पाय आत सुजला, गार पडला, तर कळावं म्हणून त्यांनी कुत्रीची दोन बोटं उघडी सोडली होती.

"कात्री दे," मावशी म्हणाली. "बारकी. आणि रडायचं असलं तर नंतर."

बखिया मी दुहेरी घातली होती. माझी शिलाई उसवत नाही अशी माझी ख्याती. त्या ख्यातीला उभी कापत मावशीनं आवरण काढलं, पट्टीचे वेढे सोडवले. आतला पंजा वडाच्या फळासारखा टरारला होता. बोटांमधली फट दिसत नव्हती. मी हात लावला. वैशाखातली दुपार, वर पत्रा, आणि पंजा माठासारखा गार.

डॉक्टरांना फोन लावला. ते लसीकरणाला खेड्यावर गेले होते. झालं ते सगळं सांगितलं.

"झाकलीत? पूर्ण? दोन बोटं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं."

पलीकडं त्यांनी शेळीवाल्याला थांबायला सांगितलं. मग ते शांतपणे म्हणाले, "चोळू नका. सैल ठेवा, पाय उंच धरा, नुसती ऊब द्या. अर्ध्या अर्ध्या तासानं बोटाला चिमटा काढा. तिनं पाय ओढला तर पाय जिवंत आहे. संध्याकाळपर्यंत ओढला नाही तर उद्या सकाळी कापायच्या तयारीनं या."

मी मावशीला सांगितलं. तिनं एक तळवा पंजाच्या खाली घेतला, एक वर ठेवला, जखमेच्या जरा खाली, आणि बसली. पहिला चिमटा तिनंच काढला. काही नाही. पाय कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडून राहिला.

"मावशी, तुम्ही उठा आता. मी धरते."

"तुझे हात थरथरायलेत. थरथरत्या हाताला जनावर भ्यातंय. तू चा टाक."

चहा टाकला. तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून बशी मी तिच्या तोंडाला लावली. ती फुंकर मारत प्यायली आणि बटणशी बोलत राहिली. नव्या नवरीचा हात धरून जशी बोलायची तशीच. मनगट सैल पडावं म्हणून काहीबाही बोलायची तिची रीत होती.

"कुणाचं लगीन हाय बाई? आमच्या बटणचं. नवरा कुठला? एसटी स्टँडावरला. शिकलाय किती? कंडक्टरच्या डब्यापत्तोर. चारी पाय धड हायेत बघ, तुला शोभंल असा हाय. सासू खाष्ट हाय म्हणं. आसू दे. आपण चावकी हाय म्हणून सांगू."

दुसरा चिमटा. काही नाही. तिसरा, काही नाही.

चार वाजून गेले. सव्वाचारला मगदूमवहिनी स्वतः आल्या. जरीच्या साडीत, कपाळाला मळवट, घामाघूम.

"अहो मावशी, सगळं गाव धुंडाळलं! पोरगी पाटावर बसलीय, बाया खोळंबल्यात आणि तुम्ही इथं..." आणि मग त्यांना मांडीवरचं दिसलं. "अगंबाई! लूत भरलेलं कुत्रं? आणि ह्याच हातानं माझ्या पोरीला चुडा भरणार होता?"

"न्हाई वहिनी," मावशी म्हणाली. आवाज चढला नाही, हात हलला नाही. "आज ह्या हातानं कुणालाच न्हाई. पेटी पायरीवर हाय, घिऊन जावा. पोरीचं माप सव्वादोन. हिरव्या बांगड्या वरच्या खणात, कागदात बांधून ठिवल्यात. तुमच्या थोरल्या जावंला म्हणावं, साबण लाव, अंगठ्याचं हाड आत दाब, आणि बांगडी ढकलू नगं, हात वढ."

"कासारणीशिवाय चुडा? कधी ऐकलंय कुणी?"

"आज ऐकतील."

"कुत्र्यापायी?"

मी तोंड उघडलं, "वहिनी, चूक माझीच..." तर मावशी म्हणाली, "शालन, वहिनींचा ब्लाउज झालाय न्हवं? दे की." लग्नासाठी शिवून ठेवलेला त्यांचा ब्लाउज मी खुंटीवरून काढून दिला. वहिनींनी पेटी उचलली, दारात थांबल्या.

"पुढच्या वर्षी धाकटीचं आहे. तेव्हा आम्ही सांगलीचा कासार बोलावू."

"चांगला हाय त्यो," मावशी म्हणाली. मनापासून म्हणाली. वहिनी गेल्या. मावशी मला म्हणाली, "टायम झाला. चिमटा काढ."

मी काढला. काही नाही.

पाच वाजले. साडेपाच. मावशीचा एक पाय बधिर झाला तर तिनं तो तसाच लांब केला, बटणला न हलवता. तिच्या मनगटांवर लाल पुरळ दिसायला लागलं होतं. मी पुसायला ओला पंचा आणला, तर "राहू दे, ऊब जाईल," म्हणाली. मी बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, हात म्हणजे काम करणारी वस्तू. कापतो, शिवतो, भरतो. नुसता धरून ठेवलेला हात हेही काम असतं आणि ते सगळ्यांत अवघड, हे त्या दिवशी मशीनशेजारी बसून मला दिसलं. मला दोन मिनिटं धीर नव्हता. मी उठत होते, बसत होते, चिंध्या गोळा करत होते. ती चार तास हलली नाही.

सहा वाजता मावशी म्हणाली, "जरा कोमट लागतंय."

"तुमच्या हातांची ऊब असेल."

"असंल. न्हाई म्हणत न्हाई."

सूज थोडी उतरली होती. बोटांमधली फट दिसायला लागली होती. मी चिमटा काढला. काही नाही. माझ्या डोळ्यांपुढं उद्याची सकाळ आली. ते पत्र्याचं टेबल आलं. मी बटणच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"कर्णा काढ तिचा," मावशी म्हणाली. "जीव गुदमरतोय. मी धरलीय, चाटू द्यायची न्हाई."

मी बंद सोडला. समोरच्या घरात दिवा लागला. मावशीनं पुन्हा बोलायला सुरुवात केली, "लगीन लागलं बाई, आता नाव घे..." आणि बोलता बोलता मधल्या बोटाच्या टोकाला, नखाशी, आपलं नख रोवलं.

बटणनं पाय ओढला. नुसता ओढला नाही. गर्रकन मान वळवली आणि मावशीच्या हाताला कडकडून चावली.

"चावली!" मावशी ओरडली. "शालन, चावली गं! बघ, बघ, चावली!" पोरगी पास झाल्यासारखं ओरडत होती. हातातून रक्त ठिबकत होतं आणि तोंडभर हसत होती. "परत काढू का चिमटा?"

"मावशी, नको!"

पुढचं इथंच सांगून टाकते. पाय वाचला. दोन नखं गेली ती परत आली नाहीत. लूत जायला आषाढ उजाडला, आणि कपाळावरचा ठिपका परत आला तेव्हा थोडा डावीकडं सरकून आला असं मला अजून वाटतं. बटण पुढं नऊ वर्षं जगली. तिला लस टोचलेली होती, तरी मावशीला मी दवाखान्यात नेऊन सगळी इंजेक्शनं घ्यायला लावली. मावशीच्या हातांना तीन आठवडे खाज होती. कुणी विचारलं की ती स्वतःच सांगायची, कुत्रीपासनं आलीय, बरी होईस्तोवर मी बांगड्या भरणार न्हाई. ती लग्नसराई तिनं पायरीवर बसून काढली. कुरकुर केलेली मी ऐकली नाही.

पण त्या संध्याकाळी, मी तिला नळाशी नेलं. साबण लावून जखम धुवायची, वाहत्या पाण्याखाली, चांगली पंधरा मिनिटं, हे मला माहीत होतं. नळाला पाणी नव्हतं. मी घागर घेतली, तांब्यानं ओतायला लागले. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर जात होतं. आता मी रडत होते.

"अगं, चावलीय मला," मावशी म्हणाली, "आणि रडायलीस तू."

तेवढ्यात हे कामावरून आले. अंगणात सायकल लावली, दारातून आत बघितलं. जमिनीवर माझं उभं फाडलेलं शिवण, बटणचा सुजलेला पंजा, पाण्यात रक्त.

"काय झालं? पाय एवढा सुजला कसा?"

"पट्टी आवळली हुती," मावशी म्हणाली.

"आवळली? कुणी आवळली एवढी?"

मी तांब्या धरून उभी राहिले. सांगायचंच होतं. डॉक्टरांना सांगितलं होतं, यांनाही सांगणार होते. शब्द तोंडाशी आले होते.

"वली झाली आसंल, भाऊ," मावशी त्यांच्याकडं न बघताच म्हणाली. "वलं झालं की आवळतंय. कुणाच्याबी हातनं झालं असतं."

"मावशी, खरं म्हणजे मी..."

तिनं रक्ताळलेला हात माझ्या पुढ्यात धरला, अगदी तांब्याखाली.

"पाणी वत," ती म्हणाली.